लाइट गेल्यावर

संक्रांतीला चार दिवस होते. रात्री साडेनऊला फोन आला. "मॅडम, गव्हात बिबट्या शिरलाय. बॅटरी मारली की डोळे चमकत्यात."

नाशिक जिल्ह्यात वनरक्षकाला असा फोन हसण्यावारी नेता येत नाही. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे बिबट्या उसातच राहतो, पिल्लंही उसातच घालतो. माझं बीट, म्हणजे गस्तीचा भाग, मात्र येवला तालुक्यात, ममदापूर-राजापूरच्या काळविटांच्या माळाला लागून. तिथे ऊस नावाला, लपायला आडोसा कमी. मला शंका होती, तरी वनमजुराला मागे बसवून गाडी काढली.

फोन करणारे नाना सत्तरीचे. त्या आठवड्यात त्यांच्या फिडरला रात्रीची लाइट होती, म्हणून ऐन थंडीत कानटोपी घालून ते गव्हाला पाणी भरत होते. विहिरीच्या काठावर मोटर घरघरत होती. बोलायचं तर ओरडूनच.

"रोज त्याच कोपऱ्यात असतो," नानांनी विहिरीपासून सगळ्यात लांबचा कोपरा दाखवला.

तिथल्या चिखलात ठसे सापडले. माझ्या दोन बोटांखाली झाकले जातील एवढेच, आणि प्रत्येक बोटापुढे नखाची टोचणी. बिबट्या नखं आत ओढून चालतो आणि त्याचा ठसा तळहाताएवढा असतो.

"नाना, खोकड आहे."

"म्हंजी कोल्हा?"

कोल्हा नव्हे. हा घोळ आमच्याकडे नवीन भरती झालेलेही घालतात. खोकड कोल्ह्याहून बरंच लहान, दोन-तीन किलोचं, कान अंगाच्या मानाने मोठे आणि झुपकेदार शेपटीचं टोक काळं. नानांना पटेना. एवढुशा जनावराचे डोळे एवढे कसे चमकतील? डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, आत शिरलेला उजेड तिथून परततो आणि पडद्याला दुसऱ्यांदा मिळतो, म्हणून अंधुक उजेडातही त्याला दिसतं, असं मी सांगितलं. आपल्या बॅटरीला चमकतो तो हाच थर. नाना म्हणाले, "मग बसा इथंच आन् दाखवा."

बसलो. बॅटरीला लाल कागद गुंडाळला, शिवाय चांदणं होतं. वारा आमच्याकडे येत होता, हे बरं झालं. उलटा असता तर तिला आमचा वास आधी लागला असता.

साडेअकराच्या सुमारास ती बांधावरून आली. (मादी होती की नर, कोण जाणे. मी तेव्हापासून 'ती'च म्हणते.) नाक जमिनीला लावून बांधाची बिळं हुंगत चालली होती. वाफ्यात पाणी शिरलं की बिळं भरतात आणि उंदीर बाहेर पडतात, हे तिला ठाऊक असणार. तरी तासाभरात तिने एकच उडी मारली, तीही फुकट गेली. उरलेला वेळ त्या कोपऱ्यातच घुटमळत एकदोन किडे मटकावले. एवढे उंदीर असताना ही पुढे का येत नाही, हे मला कळेना.

बारा चाळीसला लाइट गेली. नानांनी शिवी हासडली.

मोटर बंद पडली आणि माळावरची शांतता कानात भरली. पाटातलं पाणी झिरपायचा आवाजही ऐकू यायला लागला. खोकड जागच्या जागी थांबली. आधी एक कान वळला, मग दुसरा. मग ती सरळ गव्हात घुसली, पार मधोमध, विहिरीच्या बाजूलाही. थांबली. मान एका अंगाला कलली. आवाज कोणत्या कानात आधी पोचतो, कोणत्या कानात मोठा येतो, यावरून जागा हेरायची. मान कलली की वर-खालचाही अंदाज येतो. गुडघाभर गव्हात उंदीर तिला दिसणं शक्यच नव्हतं. मागचे पाय आखडून ती कमानीसारखी उडाली आणि पुढचे दोन्ही पाय व तोंड एकाच जागी आदळलं. चिरका आवाज आला. शिकार झाली होती.

पाऊण तासात अशा तीन उड्या, दोन उंदीर. मोटर चालू असताना ती लांबच्या कोपऱ्यात का घुटमळत होती, ते मला तेव्हा उमगलं. निदान मी तरी त्याचा अर्थ असाच लावते: त्या घरघरीत गव्हातली खसखस बुडून जात होती, आणि कोपऱ्यात ती त्यातल्या त्यात ऐकू येत असावी. तिच्या थंड युरोपातल्या भावंडाचं, लाल खोकडाचं, श्रवण मोजलेलं आहे. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याला 48,000 पर्यंत. उंदरांचे कितीतरी आवाज आपल्या कानांपलीकडचे असतात, ते त्याच्या टप्प्यात येतात.

चेक संशोधकांनी 2011 मध्ये आणखी एक गोष्ट मांडली होती. उंच गवतात शिकार करताना लाल खोकडं बहुतेक वेळा ईशान्येकडे तोंड करून उडी मारतात आणि त्या उड्या जास्त यशस्वी होतात. पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना कळत असावं. मला हे वाचलेलं आठवलं आणि मोबाइलमधलं होकायंत्र काढलं. चारपैकी एक उडी ईशान्येची, तीही चुकलेली. चार उड्यांवरून काही ठरत नाही म्हणा, आणि आमचं खोकड वेगळ्या जातीचं. नाना मात्र खूश झाले. "ईशान्य? ती तर देवघराची दिशा!"

पहाटे निघताना रजिस्टरसाठी त्यांची सही घेतली: 'बिबट आढळून आला नाही.' शेडमध्ये गोणपाटाखाली उंदरांच्या औषधाच्या दोन पुड्या दिसल्या. विचारल्यावर म्हणाले, त्याच कोपऱ्यात टाकणार होतो, बिळं तिथंच जास्त.

औषध खाल्लेला उंदीर तिने खाल्ला तर काय होईल ते सांगितलं. नानांनी पुड्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिल्या आणि परत गोणपाटाखाली सारल्या. टाकणार नाही, असं काही म्हणाले नाहीत.

दहा दिवसांनी रात्री दीडला फोन वाजला.

"मॅडम, लाइट गेली. आली बघा."