चिलखत घालून खुर्चीत बसता येत नाही

आज नव्या साय-फाय पिक्चरचा पहिला शो. पण माझं निम्मं लक्ष बाहेर पात्रांचे वेश करून आलेल्या चाहत्यांच्या रांगेतच अडकलं.

पुढच्या मुलाचं पांढरं चिलखत लांबून अस्सल वाटत होतं. जवळून पाहिलं तर फोम! हीट गननं गरम करून वाकवायचा, थंड झाला की तो आकार धरून राहतो. मग गोंद, रंग, आणि सगळं झाल्यावर मुद्दाम ओरखडे आणि काजळी, कारण लढाईतून आलेला सैनिक चकचकीत कसा दिसेल? हेल्मेटमध्ये इवलासा पंखासुद्धा, नाहीतर श्वासानं काच धुरकटते. एवढा विचार केला, पण बसायचं कसं हे राहूनच गेलं! शेवटी मांड्यांवरचे तुकडे सोडून हातात घेऊन बसला बिचारा.

हे वेड जुनंच आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोन चाहते भविष्यातल्या माणसांच्या वेशात गेले होते. दोन्ही पोशाख मर्टलनं केलेले. गाजला मात्र अ‍ॅकरमन. (नेहमीचंच.)

मला सगळ्यात आवडले ते एक काका. साधा शर्ट, छातीवर पुठ्ठ्याचा बिल्ला, बस्स. तरी चिलखतवाल्यानं त्यांना कडक सॅल्यूट ठोकला आणि त्यांनीही तितक्याच गंभीरपणे स्वीकारला. महागड्या पोशाखाला जास्त मान, असला प्रकार त्या रांगेत दिसला नाही.

पिक्चर? ठीकठाक. शेवटाकडे ढेपाळतो. रांगेसाठी मात्र पुन्हा जाईन.