रात्री ट्रक जातो कुठे?

लॉस एंजेलिसमध्ये आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना टाको, म्हणजे छोट्या पोळीत भरलेलं मेक्सिकन खाणं, खायला फूड ट्रकवरच नेते. हमखास विचारणा होते, "रस्त्यावरचं आहे, बाधणार नाही ना?" मग मी खिडकीशेजारचं कार्ड दाखवते. काउंटीच्या आरोग्य खात्याने तपासणीत ९० किंवा जास्त गुण दिले तर 'ए', ८० ते ८९ ला 'बी', ७० ते ७९ ला 'सी'. त्याखाली घसरलात तर अक्षर मिळतच नाही, नुसते गुण लावायचे.

इथल्या हॉटेलांना ही अक्षरं १९९८ पासून आहेत. त्याआधी एका टीव्ही वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने स्वयंपाकघरं दाखवली आणि शहरभर बोंब झाली. ट्रकना मात्र अक्षर मिळायला २०१० उजाडलं. हॉटेल जागेवर सापडतं. ट्रक सकाळी बांधकामाशी, दुपारी ऑफिसांपाशी, रात्री बारबाहेर. इन्स्पेक्टरने शोधायचं कुठे? २००८ च्या अखेरीस आलेला 'कोगी' नावाचा कोरियन टाकोचा ट्रक ट्विटरवर ठावठिकाणा सांगायचा आणि लोक धावत जायचे. आता मालकाला आपले थांबे आणि वेळा खात्यालाही कळवाव्या लागतात.

एकदा मी रांगेत असतानाच तपासणी आली. इन्स्पेक्टर बाईंनी आधी हात धुवायच्या बेसिनचा गरम नळ सोडला, साबण आणि कागदी टॉवेल आहेत का ते पाहिलं. मग मांसाच्या ट्रेमध्ये मधोमध थर्मामीटर खुपसला. गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या खाली जाता कामा नये आणि थंड ५ अंशांच्या वर. शेवटी भांडी निर्जंतुक करायच्या पाण्यात एक कागदी पट्टी बुडवली आणि तिचा जांभळा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिला. क्लोरीन पुरेसं आहे की नाही, ते लगेच कळतं. आतला पोरगा घामाघूम झाला होता, पण बाई शांतपणे एकेक गोष्ट समजावत होत्या. मला ते फार आवडलं.

तरी माझ्या मते खरा आधार त्या अक्षराचा नाही, कॉमिसरीचा आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार धंद्याच्या प्रत्येक दिवशी ट्रकला या ठरलेल्या तळावर जावंच लागतं. तिथे स्वच्छ पाणी भरायचं, सांडपाणी सोडायचं, तेलकट ट्रक धुवायचा, माल शीतगृहात ठेवायचा. सांडपाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीच्या किमान दीडपट हवी, म्हणजे गटारात गुपचूप ओतायची वेळ येऊ नये. इन्स्पेक्टर वर्षातून एखाद-दोनदा येणार. कॉमिसरी रोजची आहे. तिचं भाडं छोट्या मालकाला जड जातं, हेही खरं.

आणखी एक नियम मला मनापासून पटतो. एका जागी तासापेक्षा जास्त थांबायचं असेल तर २०० फुटांच्या आत कामगारांना वापरता येईल असं स्वच्छतागृह हवं, हात धुवायच्या सोयीसकट. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईसाठी तर ही पहिली गरज. आपल्याकडे वडापावच्या गाडीवरच्या मावशी सकाळपासून रात्रीपर्यंत कुठे जातात, हे आपण ग्राहक कधी विचारत नाही. बादलीतल्या पाण्याला मात्र नाकं मुरडतो. महापालिकेने नळ दिला नाही, मोरी दिली नाही, तर ती बादली बदलणार कशी?

हातगाड्यांच्या बाबतीत इथेही हेच घडलं होतं. नियम मागायचा काय, तर भांडी धुवायला तीन कप्प्यांचं सिंक, हात धुवायला वेगळं, शिवाय पाण्याच्या टाक्या. हे सगळं बसवलं तर गाडी फुटपाथवर मावायचीच नाही. त्यामुळे टमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले मेक्सिकन पदार्थ, विकणाऱ्या बायका वर्षानुवर्षं परवान्याविना, माल जप्त होण्याच्या भीतीत बसायच्या. विक्रेत्यांच्या संघटना लढल्या आणि २०२२ मध्ये राज्याने कायदा बदलला. १ जानेवारी २०२३ पासून छोट्या गाड्यांना वेगळे, सुटसुटीत निकष आहेत आणि त्यांनी नियम मोडला तर फौजदारी गुन्हा नाही, प्रशासकीय दंड होतो. थर्मामीटर आणि हात धुणं कायम आहे. परवाना अजून सगळ्यांच्या हाती पडलेला नाही, पण आता तो मिळवणं निदान शक्यतेच्या कोटीत आलं आहे.