कळा सुरू होतील तेव्हा ड्यूटीवर कोण असेल?

एकतिसावा आठवडा चालू होता. बीपी, वजन, बाळाचे ठोके सगळं बघून झालं. मॅडमनी फाईल मिटली आणि मी उठता उठता विचारलं, "कळा सुरू झाल्या की आधी तुम्हालाच फोन करू ना?"

"नाही, लेबर रूमच्या नंबरवर करा. त्या वेळी ज्यांची ड्यूटी असेल ते बघतील. आम्ही पाच जण आहोत. माझी असली तर मी असेनच."

मी पुन्हा खुर्चीत बसले.

नवव्या आठवड्यापासून मी याच डॉक्टरांकडे जात होते. पहिल्या भेटीत त्यांनी माझी सगळी हकिगत मध्ये न थांबवता ऐकून घेतली होती आणि तेव्हाच मी मनात ठरवून टाकलं होतं की आपलं बाळंतपण याच करणार. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं. पण तसं नसतं, हेही कुणी सांगितलं नव्हतं. नाव नोंदवताना घरात कुणाला डायबिटीस आहे, कुणाला बीपी आहे हे सगळं विचारतात. त्याच वेळी "इथे डॉक्टर पाळीपाळीने असतात, डिलिव्हरीला कोण असेल ते आधी सांगता येत नाही" एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर बावीस आठवडे मी चुकीच्या समजुतीत राहिले नसते. याचा राग मला अजून आहे.

माझ्यासाठी हा प्रश्न फक्त ओळखीच्या चेहऱ्याचा नव्हता. पहिल्या वेळी माझं सिझर झालं होतं. मुलगी पायाळू होती, फिरली नाही, म्हणून 39 व्या आठवड्यात तारीख ठरवून ऑपरेशन केलं. डॉक्टर कोण, दिवस कोणता, किती वाजता आत नेणार, सगळं आधीपासून माहीत होतं. या वेळी मात्र मला नॉर्मलचा प्रयत्न करायचा होता आणि मॅडम तयार होत्या. त्यांनी मला नीट समजावलं होतं. आधीचं सिझर एकच असेल, पिशवीवरचा छेद खालच्या भागात आडवा घेतलेला असेल आणि सिझरचं कारण पुन्हा उद्भवलेलं नसेल, तर प्रयत्न करता येतो. असा प्रयत्न करणाऱ्या 100 बायकांमधल्या साधारण 60 ते 80 जणींची डिलिव्हरी नॉर्मल होते. धोका असतो तो कळांच्या ताणाने जुना टाका उकलण्याचा. तसं साधारण 200 जणींमध्ये एखादीचं होतं, पण झालं तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं आणि हातात मिनिटंच असतात. म्हणून बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष लागतं, ऑपरेशन थिएटर आणि भूलतज्ज्ञ जवळ लागतात आणि कळा आणायच्या काही गोळ्या चालत नाहीत.

हे सगळं मॅडम आणि मी बोललो होतो. बाकीच्या चौघांशी माझं काहीच बोलणं झालेलं नव्हतं.

चौतिसाव्या आठवड्यात नेमक्या मॅडम सुट्टीवर होत्या. त्यांच्या जागी जे डॉक्टर होते त्यांनी फाईल उघडली, पहिल्या पानावर नजर टाकली आणि म्हणाले, "आधीचं सिझर आहे ना? मग उगाच कशाला त्रास? 39 ला तारीख ठरवून टाकू." ते तुसडेपणाने बोलले नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो सरळ हिशेब होता, आणि ठरवून सिझर करणं हा चुकीचा पर्याय नाही हे मलाही कळत होतं. पण एकाच दवाखान्यात, एकाच फाईलवर दोन डॉक्टरांची दोन उत्तरं होती. म्हणजे माझं सिझर होणार की नॉर्मल, हे माझ्या शरीरावर नाही, बाळावर नाही, तर कोणत्या वारी कळा येतात यावर ठरणार होतं का? त्या रात्री मला झोप लागली नाही.

नवरा समजूत काढायला म्हणाला, "कुणीही असलं तरी डॉक्टरच ना?" मी त्याच्यावर इतकी चिडले की तो बिचारा गप्पच झाला. त्याला काय सांगायचं हे मलाच नीट उमगलेलं नव्हतं.

ते उमगलं ताईमुळे. ती फोनवर माझं रडणं ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मॅडमना तुझ्याबद्दल काय काय माहीत आहे ते मला सांग. एकेक सांग, मी लिहून घेते." मी सांगत गेले. नऊ ओळी झाल्या. मग ती म्हणाली, "आता फाईल काढ आणि यातलं त्यात काय काय लिहिलंय ते बघ." मी पलंगावर सगळे कागद पसरले. नऊपैकी चारच गोष्टी होत्या. रक्तगट, हिमोग्लोबिन, पहिलं सिझर आणि ते पायाळू असल्यामुळे झालं हे. बाकी पाच गोष्टी फक्त मॅडमच्या डोक्यात होत्या. पिशवीवरचा छेद कसा घेतला होता ते. नॉर्मलच्या प्रयत्नाबद्दल आमचं बोलणं होऊन त्यांनी होकार दिलाय ते. मणक्यातून भूल दिल्यावर मागच्या वेळी माझं बीपी खूप खाली गेलं होतं ते. न सांगता आतून तपासायला घेतलं की माझं अंग आखडतं आणि मग तपासणं मला आणि त्यांना दोघांनाही जड जातं ते. आणि काय चाललंय ते मला त्या त्या वेळी सांगितलं की मी शांत राहते, लपवलं की घाबरते, ते.

पुढचे दोन आठवडे मी याच कामात घालवले. आधीच्या दवाखान्यातून ऑपरेशनची नोंद मिळवायला दोन खेपा पडल्या. डिस्चार्ज कार्डावर नुसतं सिझर झालं एवढंच होतं. पिशवीवरचा छेद कसा घेतला हे कळायला ऑपरेशनच्या वेळी लिहिलेलं पान लागतं आणि ते वेगळं मागून घ्यावं लागतं. पोटावरचा व्रण आडवा दिसतो म्हणून आतला छेदही आडवाच असेल असं धरून चालत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. ज्यांना पुढे असा प्रयत्न करायचा असेल त्यांनी ते पान पहिल्या सिझरनंतर घरी जातानाच मागून ठेवावं.

छत्तिसाव्या आठवड्यात ते पान आणि ताईच्या नऊ ओळी घेऊन मी मॅडमसमोर बसले. आधी मनातली तक्रार बोलून टाकली. त्यांनी ती ऐकली. मग म्हणाल्या, "दिलेल्या तारखेला बाळंत होणारी वीसात एखादी असते. 37 ते 42 आठवडे, कधीही कळा येऊ शकतात. तेवढे दिवस प्रत्येकीसाठी मीच यायचं म्हटलं तर मी कधी झोपू? दोन रात्री जागलेल्या डॉक्टरने तुमचा जुना टाका सांभाळावा असं तुम्हाला वाटतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर तोपर्यंत मी त्यांच्या झोपेचा विचारच केला नव्हता.

त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि वरपासून लिहायला सुरुवात केली. छेद खालचा, आडवा. नॉर्मलचा प्रयत्न करायचा आहे, धोका समजावला आहे, पेशंटला मान्य आहे. मग कोणत्या परिस्थितीत प्रयत्न थांबवून सिझरला न्यायचं तेही लिहिलं: बाळाचे ठोके बिघडले तर, जुन्या टाक्याजवळ कळ नसतानाही दुखत राहिलं तर, जास्त रक्त गेलं तर, कळा चांगल्या असूनही प्रगती थांबली तर. तपासण्याआधी सांगणे, ही ओळसुद्धा त्यांनी तशीच्या तशी घेतली. खाली सही, तारीख. तो कागद फाईलच्या सगळ्यात वर लावला. तो लावताना स्टेपलर दोनदा अडकला आणि मॅडमनी उठून दुसरा आणला, हे मला का कोण जाणे फार स्पष्ट आठवतं.

उरलेल्या भेटी मी मुद्दाम वेगवेगळ्या दिवशी घेतल्या. असं करून पाचपैकी चौघांना भेटून झालं. दोघांनी कागद वाचून मान डोलावली. चौतिसाव्या आठवड्यातल्या डॉक्टरांची मात्र पुन्हा गाठ पडली नाही. लेबर रूममध्ये जाऊन सिस्टरना विचारलं की ड्यूटी कधी बदलते, बदलताना एक डॉक्टर दुसऱ्याला माहिती कुठे देतात, ती माझ्यासमोर देता येईल का, आणि ताईला शेवटपर्यंत माझ्याजवळ थांबता येईल का. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता. प्रसूतीच्या वेळी बाईला हवं ते माणूस तिच्यासोबत असावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची 2018 ची शिफारस आहे. कळांच्या पूर्ण काळात कुणी सतत सोबत असेल तर नॉर्मल होण्याची शक्यता वाढते आणि सिझरची कमी होते, असं वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अनेक अभ्यास एकत्र करून 2017 मध्ये मांडलं होतं. डॉक्टर बदलणार, सिस्टर बदलणार, ताई तरी तीच राहणार होती. सिस्टरनी हो म्हटलं.

40 आठवडे आणि 3 दिवस झाले तेव्हा पहाटे कळा सुरू झाल्या. लेबर रूमला फोन केला. आधीचं सिझर म्हटल्यावर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "घरी थांबू नका, निघाच." पोचलो तेव्हा पिशवीचं तोंड तीन सेंटीमीटर उघडलं होतं. आणि ड्यूटीवर होत्या पाचव्या डॉक्टर, ज्यांना मी एकदाही भेटले नव्हते.

त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या आणि तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मला त्यांचा वाचणारा चेहराच दिसत होता. मग स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "मी आतून तपासणार आहे. हात लावायच्या आधी सांगेन. थांबा म्हणालात की थांबेन." माझ्या पोटातला गोळा तिथेच थोडा सैल झाला.

पोटावर दोन पट्टे बांधले, एक ठोक्यांचा, एक कळांचा. दुपारभर फारसं काही सरकलं नाही. मी खचायला लागले तेव्हा सिस्टर म्हणाल्या की पाच सेंटीमीटरपर्यंतचा वेळ हा असाच जातो, कुणाचा कमी, कुणाचा खूप जास्त. खरी वेगाची प्रसूती आता पाचपासून धरतात. संध्याकाळी पाच सेंटीमीटर झालं. आठ वाजता ड्यूटी बदलायच्या वेळी सात सेंटीमीटर होतं.

दार उघडलं आणि चौतिसाव्या आठवड्यातले डॉक्टर आत आले.

मी ताईचा हात इतका आवळला की तिच्या तळव्यावर माझ्या नखांच्या खुणा उठल्या. दिवसाच्या डॉक्टरांनी कबूल केल्याप्रमाणे माझ्या पलंगाशेजारी उभं राहून त्यांना सगळं सांगितलं: किती वाजता किती, ठोके कसे, पाणी कधी गेलं, जुन्या टाक्याजवळ दुखत नाही. शेवटी म्हणाल्या, "आणि आधी सांगून तपासा, त्यांना बरं पडतं." रात्रीच्या डॉक्टरांनी मशीनमधून निघालेला लांब कागद हातात घेतला आणि बोटांतून सरकवत पहिल्यापासून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "छान चाललंय. दोन तासांनी पुन्हा बघू. पुढे सरकलं नाही किंवा ठोके बिघडले तर मात्र सिझर. चालेल?"

मला रडूच फुटलं. वाटलं, यांना पहिल्यापासून सिझरच करायचं होतं. ताई कानाशी वाकून म्हणाली, "अगं, हे मॅडमनीच लिहिलंय. तोच कागद बोलतायत ते."

नऊ-साडेनऊच्या सुमारास ठोके एकदा खाली आले. खोलीत सगळे एकदम गप्प झाले. मला डाव्या कुशीवर वळवलं. डॉक्टर म्हणाले, "ठोके थोडे कमी झालेत, मी इथेच आहे, बघतोय." ठोके परत वर आले. ते त्यानंतर खोलीबाहेर गेले नाहीत. दहाला त्यांनी आधी सांगून तपासलं. तोंड पूर्ण उघडलं होतं. पुढचा तास मला सलग आठवत नाही. आठवतो तो त्यांचा आवाज, अगदी हळू, "आता जोर लावू नका, फुंकर मारा, नुसती फुंकर." आणि मग छातीवर ठेवलेलं ओलं, गरम, अनपेक्षित जड बाळ. नाळ लगेच कापली नाही, थोडं थांबले. मुलगा, तीन किलो शंभर ग्रॅम.

मॅडम नव्हत्या याची रुखरुख आहे. ज्यांनी नवव्या आठवड्यापासून पाहिलं त्यांनी तो क्षण पाहायला हवा होता असं मला वाटतं, आणि ते वाटणं गेलेलं नाही.

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी राऊंडला आल्या. त्यांनी फाईल उघडली, आदल्या दिवशीच्या नोंदी वाचल्या. त्यांच्या कागदाखाली आता आणखी दोन हस्ताक्षरं होती, एक दिवसाच्या डॉक्टरांचं, एक रात्रीच्या. वाचून झाल्यावर फाईल मिटली, स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "हे झालं यातलं. आता तुम्ही सांगा."

मी पहाटेच्या पहिल्या कळेपासून सांगायला सुरुवात केली. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.