तुम्ही विचारलंत म्हणून: कांदा स्वस्त हवा की महाग?

"तुमचं काय बाई, कांदा महागला की माहेरी दिवाळी!" असं कुणीतरी म्हणतं आणि पाठोपाठ प्रश्न येतोच, "खरं सांगा, तुम्हाला कांदा स्वस्त झालेला आवडतो की महाग?" सोसायटीतल्या बायका विचारतात, भाजीवाला विचारतो, लग्नकार्यात नुकती ओळख झालेली माणसंही विचारतात. कारण मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातली. भाऊ अजून कांदा करतो, लासलगावच्या बाजार समितीत नेऊन विकतो, आणि मी लग्न होऊन ठाण्यात आले. म्हणजे माहेर कांदा विकणारं आणि सासर कांदा विकत घेणारं. एकदाच काय ते सांगून टाकते.

आधी सासरचं. चौघांच्या घरात महिन्याला सहा किलो कांदा लागतो असं धरा. तीस रुपयांचा सत्तर झाला तर महिन्याला दोनशेचाळीस रुपये जास्त जातात. आमच्याकडे रविवारी सकाळी मिसळ खायला बाहेर जायची पद्धत आहे. तिथे चौघांच्या बिलात एवढे पैसे कधीच उडून जातात आणि त्याबद्दल कुणी हूं की चूं करत नाही. उलट "कांदा जादा द्या हो" म्हणून दोनदा वाटी मागतो. महागाईच्या दिवसांत हॉटेलवाला त्या वाटीत निम्मा कोबी चिरून घालतो, तेवढीच आमच्या सुखाला लागलेली कात्री. तेव्हा आमच्यासारख्यांनी कांद्याच्या नावाने गळा काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१२ साल पायाभूत धरून काढलेल्या महागाईच्या निर्देशांकात कांद्याचं वजन शंभरात ०.६४ होतं. एवढ्याशा वजनाच्या कांद्याने १९९८ मध्ये दिल्लीचं राज्य सरकार घालवलं, कारण गॅसचं बिल महिन्याने दिसतं आणि कांद्याचा भाव रोज पाटीवर लिहिलेला दिसतो.

पण हे सगळ्यांना लागू नाही. आमच्या शेजारच्या इमारतीचं बांधकाम चाललंय. दुपारी तिथल्या बायका डबा उघडतात तेव्हा त्यात भाकरी, लसणाचं तिखट आणि गुडघ्यावर बुक्की मारून फोडलेला कांदा असतो. आपण ज्याला तोंडीलावणं म्हणतो, ती तिथे भाजी असते. रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतात, कांदा मिळत नाही. सत्तर रुपयांचा कांदा खरा बोचतो तो त्यांना, आणि त्यांना कुठलाही वाहिनीवाला विचारायला जात नाही. तो येतो आमच्या भाजीबाजारात, पर्स लटकवलेल्या बाईसमोर माईक धरायला.

आता माहेरचं. शहरात कांदा म्हणजे कांदा. आमच्याकडे त्याची तीन पिकं. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे निघू लागतो, त्याच्या मागून रांगडा, आणि मार्चपासून उन्हाळ. लाल कांद्यात पाणी फार, तो टिकत नाही. काढला की महिनाभराच्या आत विकायचा, भाव काहीही असो. उन्हाळ कांदा तेवढा चाळीत राहतो. चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेली, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी जाळीची लांबट खोली. ऑक्टोबरपर्यंत तुम्ही जो कांदा खाता तो बहुतेक तिथलाच.

त्या चाळीत पावसाळ्यात एकदा जाऊन बघा. हवा दमट झाली की काजळी म्हणजे काळी बुरशी धरते, बुडाशी एखादा कांदा मऊ पडतो आणि त्याचं पाणी शेजारच्यांवर उतरतं. माझी वहिनी वासावरून सांगते कुठल्या कप्प्यात सड लागलीय. मग तो अख्खा कप्पा उपसायचा, सडका टाकायचा, कोंब आलेला वेगळा, गोल्टी म्हणजे बारका कांदा वेगळा, चांगला पुन्हा भरायचा. बाहेर पाऊस, आत घामाच्या धारा आणि तो आंबूस दर्प, जो दोनदा अंघोळ केली तरी हाताचा जात नाही. एवढं करूनही पाच-सहा महिन्यांत घट, सड आणि कोंब धरून तिसरा हिस्सा तरी हमखास जातो. म्हणून एप्रिलात दहा रुपयांचा असलेला कांदा सप्टेंबरात वीसला गेला की "साठेबाजांनी कमावलं" असं कुणी म्हटलं, की मला वहिनीचे हात आठवतात. मधले लोक कमावत नाहीत असं मी म्हणत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासात ग्राहकाने कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातले साधारण ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात असं निघालं. उरलेल्या चौसष्टांत आडत म्हणजे दलाली, हमाली, वाराई, गाडीभाडं, नासाडी आणि प्रत्येक टप्प्यावरचा नफा.

आणि आता सरकार. माझं खरं भांडण इथे आहे.

१९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं, लगेच जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्तात कांदा बाहेर पाठवायचा नाही. ७ डिसेंबरच्या रात्री तर निर्यातबंदीच जाहीर झाली. तारीख नीट बघा. डिसेंबर म्हणजे लाल कांद्याचा भर. शेतातून उपटलेला, न टिकणारा, ट्रॅक्टरमध्ये भरलेला माल. भाऊ तेव्हा म्हणाला होता, "ताई, भाव पडला तर पडू दे, पिढ्यान्‌पिढ्या पडतोय. पण हे रात्री बातम्यांत कळतं अन् सकाळी ट्रॅक्टर रांगेत उभा असतो." बंदी ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितली होती. ती संपायच्या आधीच पुढे ढकलली. मध्येच एप्रिलात २००० टन पांढरा कांदा पाठवायची परवानगी निघाली, तो मुख्यतः गुजरातचा. आमच्या भागात त्यावर काय बोललं गेलं ते छापण्यासारखं नाही. शेवटी ४ मे २०२४ ला बंदी उठली, शुल्क मात्र ठेवूनच. नाशिक आणि दिंडोरीत लोकसभेचं मतदान २० मे ला होतं, हा योगायोग समजा हवं तर. शुल्क सप्टेंबरात निम्म्यावर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. तोवर उन्हाळ कांद्याचे ढीग लागलेले आणि भाव खाली. शिवाय गिऱ्हाईक काही आपल्यासाठी ताटकळत बसत नाही. आपण दार लावलं की कोलंबो-दुबईचे व्यापारी पाकिस्तानचा, चीनचा कांदा उचलतात. पुन्हा दार उघडलं की सगळे परत येतात असं नाही.

भाव चढला की हालचाल किती चटकन होते बघा. सरकारसाठी कांदा विकत घेऊन ठेवणाऱ्या नाफेड या सहकारी संस्थेचा साठा बाहेर निघतो, शहरात गाड्या उभ्या करून स्वस्तात कांदा विकतात, २०२४ मध्ये पस्तीस रुपयांनी विकला. २०२४ च्या ऑक्टोबरात तर लासलगावहून १६०० टन कांद्याची अख्खी रेल्वे दिल्लीला गेली. माझी काही तक्रार नाही, बांधकामावरच्या बायकांपर्यंत तो पोचला असेल तर आनंदच आहे. पण २०१८ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १०६४ रुपये हातात पडले, म्हणजे किलोला दीड रुपयाच्या आतच, आणि त्याने ते मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवले. तेव्हा कुठली रेल्वे सुटली नव्हती.

तर उत्तर असं. मला कांदा स्वस्तही नको आणि महागही नको. मला नियम वेळेवर हवाय. उन्हाळ कांद्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात. निर्यात करू देणार की नाही, शुल्क किती, नाफेड किती घेणार, हे त्याच्या आधी सांगा आणि पुढचं पीक निघेपर्यंत बदलू नका. बंदीच घालायची असेल तर तीही आधी सांगा. भाऊ दोन एकर कमी लावेल, तिथे हरभरा करेल. जुगारातसुद्धा पत्ते वाटून झाल्यावर नियम बदलत नाहीत. आणि गरिबाला कांदा परवडत नसेल तर त्याच्या हातात पैसे द्या किंवा रेशनवर कांदा द्या. त्याचा खर्च तिजोरीतून व्हावा, माझ्या भावाच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशातून नव्हे.

एवढं ऐकून घेतल्यावर लोक हमखास विषय बदलतात आणि खाण्यावर येतात. त्यावर मी जास्त बोलते. सासरी चातुर्मास पाळतात, त्यामुळे आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, स्वयंपाकघर माझ्या ताब्यात असतं. एकादशीपासून चार महिने कांदा नाही, म्हणून सासूबाई त्या दिवशी माहेरवाशिणीसारख्या हट्टाने फर्माईश करतात: थालीपीठ, झुणका, भरली कांदी आणि भजी. आषाढातल्या कांद्याची भजी डिसेंबरातल्या कांद्याला साधत नाही, हे माझं ठाम मत. चाळीत मुरलेल्या उन्हाळ कांद्यात पाणी कमी. उभा, पातळ चिरायचा, मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवायचा. सुटेल तेवढ्याच पाण्यात बेसन कालवायचं, वरून थेंबही घालायचा नाही. ओवा हातावर चुरडून, लाल तिखट, चमचाभर कडकडीत मोहन. पीठ कांद्याला जेमतेम धरलं पाहिजे, तरच खेकडा होतो. सोडा घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडे भजी खात नाही.

लाल कांदा कच्चाच खावा. दही, दाण्याचं कूट, कोथिंबीर, झाली कोशिंबीर.

यानंतरचा प्रश्न ठरलेला: "मग आम्हालाही एक गोणी मागवून द्या ना भावाकडून." देते की. एप्रिलअखेर सांगा, पन्नास किलोची गोणी येते. घरी आल्यावर गोणीत ठेवायचा नाही, गॅलरीत सावलीला मोकळा पसरायचा, बटाट्यापासून लांब, आणि आठवड्याला एकदा हाताखालून काढायचा. त्या दिवशीचा लासलगावचा भाव अधिक गाडीभाडं, एवढे पैसे रोख. घासाघीस करायची असेल तर भाजीवाला आहेच कोपऱ्यावर.