तुजी आवस इली हा!

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आठवणी मागवल्या आहेत. शाळेची घंटा, मधल्या सुट्टीतल्या कैऱ्या, हेडमास्तरांची छडी यांवर बाकीचे लिहितीलच. माझं काम आई-वडील वेगळे झालेल्या मुलांच्या समुपदेशनाचं. त्यातला एक विषय या निमित्ताने आपल्या शिक्षकांपुढे आणि गावातल्या आजी-आजोबांपुढे मांडते. घर सोडून गेलेली आई काही वर्षांनी परत येते, तेव्हा मुलाचं काय होतं?

किनाऱ्यावरच्या गावांना हे नवं नाही. नवरा-बायकोचं मुंबईत बिनसतं, मूल आजीकडे येतं, आई माहेरी राहते किंवा नोकरी धरते. मग एक दिवस ती एसटीतून उतरते आणि शाळेतून येणाऱ्या पोराला वाटेवरच कुणीतरी ओरडून सांगतं, "तुजी आवस इली हा!" सांगणाऱ्याला वाटतं, पोर आता धावत सुटेल. पोर मागच्या मांगरात, म्हणजे घरामागच्या खोपीत, जाऊन बसतं.

लोक म्हणतात, पोरगं कृतघ्न, नाहीतर म्हातारीने कान भरले. बहुतेक वेळा दोन्ही खोटं असतं. जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी १९५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये रुग्णालयात एकट्या राहणाऱ्या लहान मुलांचा अभ्यास केला. मूल आधी आकांत करतं, मग खचून गप्प होतं, शेवटी अलिप्त होतं. या तिसऱ्या टप्प्यावर आजूबाजूच्यांना वाटे, मूल रुळलं. पण आई न्यायला आली की तेच मूल तिच्याकडे पाठ फिरवी. तिथला दुरावा बहुधा दिवसांचा नाहीतर आठवड्यांचा होता. इथे वर्षं गेलेली असतात.

शिवाय इथे आजी आहे. तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या तिने, पेज भरवली तिने. आईकडे एक पाऊल टाकलं तर आजी दुखावेल, हा हिशेब सहा वर्षांचं मूलसुद्धा करतं. म्हणून आई समोर आली की ते आधी आजीच्या तोंडाकडे बघतं. आजी काही न बोलता चुलीपाशी निघून गेली, तर मुलाच्या लेखी तो नकारच. आजीने तोंडाने सांगायला हवं, "जा, बोल तिच्याशी. मी हयच आसंय." एवढ्या दोन वाक्यांनी जे होतं ते महिनाभर समजावून होत नाही. ती वाक्यं म्हणायला आजीला किती जड जातं, याचीही कुणीतरी विचारपूस करावी.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला हमखास वाटतं, मी हट्ट केला म्हणून आई गेली. ते कधी विचारणार नाही, आपणच सांगायचं: "आई-बाबांचं पटेना, म्हणून ती गेली. तू काही केलंस म्हणून नाही." बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एवढं पुरत नाही. त्याला खरं कारण हवं असतं, आणि कारण सांगताना कुणी बापाची बाजू घेतली की ते लगेच ओळखतं.

पहिली भेट गणपतीत ठेवू नये. घरात भावकी जमलेली, आरतीला सगळ्यांचे डोळे या दोघांवर, आणि "ओळखलंस का आईला? पाया पड बघू" म्हणणारी एक तरी काकी असतेच. त्यापेक्षा सकाळची शाळा सुटल्यावरचा साधा शनिवार बरा. मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगावं. फार आधी सांगितलं तर झोप उडते, ऐनवेळी सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं. भेट तासाभराचीच असावी, आणि किती वाजता संपणार तेही आधी सांगावं. समोरासमोर बसवून "बोला आता" म्हणू नये. हाताला काम असलं की मूल बोलतं. ओहोटीला तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जावं, मे महिन्यात रातांबे फोडायला बसावं. दोघांची नजर कामावर राहते आणि भरती आली की भेट आपोआप संपते. रात्री मुक्कामाला न्यायची घाई नको. ठरल्या वेळच्या सात-आठ भेटी सुरळीत झाल्यावर त्याचा विचार करावा.

आईकडून बहुतेक वेळा बिघडतं ते खाऊ-खेळण्यांमुळे. पहिल्याच भेटीत मोबाइल किंवा सायकल आली की मुलाला ती किंमत वाटते आणि आजीच्या घरात ती वस्तू ठेवायची कुठे, हाही प्रश्न पडतो. त्याच्यासमोर रडू नये, रडलीच तर त्यालाच आपली समजूत काढायला लावू नये. "मला आई म्हण" असा हट्ट नको. कित्येक मुलं बराच काळ काहीच हाक न मारता बोलतात, ते चालतं. येईन म्हटलेल्या दिवशी येणं मात्र चुकवू नये. जमणारच नसेल तर मुलाला स्वतः फोन करावा, निरोप धाडू नये. आई एकदा न कळवता आली नाही की मूल पुन्हा पहिल्या दिवसावर जातं, कारण ती परत जाईल हीच भीती त्याला पहिल्यापासून असते.

जिथे आईकडूनच मुलाला मारहाण किंवा इजा झाली होती, तिथे यातलं काही लागू नाही. तिथे १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती.

आता शाळेविषयी. भेटीनंतरच्या सोमवारी पोटात दुखणं, अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणं, वह्या अर्धवट, नाहीतर एकदम फार शहाण्यासारखं वागणं, ही लक्षणं दिसतील. पोटदुखी खरी असते, सोंग म्हणू नये. वर्गात सगळ्यांसमोर चौकशी नको. साने गुरुजींचं पालगड आपल्या कोकणातलंच, त्यामुळे "माझी आई" हा निबंध आपल्याकडे सुटणार नाही, हे मला माहीत आहे. पण त्याच्या शेजारी "माझ्या घरातलं माणूस" हाही पर्याय फळ्यावर लिहावा.

ताब्याचा वाद कोर्टात असेल तर १८९० चा पालक आणि पाल्य कायदा व १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, दोन्ही मुलाच्या हिताकडे बघतात. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. मूल समजून मत देण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट त्याची पसंती विचारात घेऊ शकतं, पण निर्णय कोर्टाचाच. "तू सांगशील तसं होईल" असं मुलाला कुणीही सांगू नये. त्या ओझ्याने मुलं आजारी पडतात.

शाळेने कोर्टाच्या आदेशाची प्रत मागून घ्यावी, मुलाला न्यायला कोण येणार ते लेखी घ्यावं आणि शिपायालाही सांगून ठेवावं. दहावीच्या फॉर्मवर आईचं नाव लागतं. ते वर्गात मोठ्याने विचारण्याऐवजी जनरल रजिस्टरवरून बघावं, तिथे नसेल तर मुलाला ऑफिसात एकट्याला बोलवावं. आदेशाची आडकाठी नसेल तर प्रगतिपुस्तकाची दुसरी प्रत आईला द्यावी, पण ती मुलाच्या हाती धाडू नये.