पंधरा की पन्नास?

पहाटे ३ वाजून ४९ मिनिटांनी आमच्या तेलवाहू जहाजाच्या कार्गो कंट्रोल रूममध्ये ९८ टक्क्यांचा अलार्म वाजला, तेव्हा समोरच्या कागदावर त्याच टाकीची अलेज १.५० मीटर लिहिलेली होती. दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं.

अलेज म्हणजे टाकीच्या माप घ्यायच्या तोंडापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतची रिकामी उंची. तेल चढेल तशी ती कमी होते. आमचा प्रॉडक्ट टँकर ५० हजार टनांच्या आसपासचा, बारा टाक्या, प्रत्येक साधारण ४,५०० घनमीटरची. एक सेंटिमीटर म्हणजे अडीच घनमीटर तेल. चार नंबर स्टारबोर्ड, म्हणजे उजवीकडची, टाकी १.२० वर थांबवायची होती. १.०५ ला ती ९८ टक्के भरते आणि ०.७० च्या आसपास काठोकाठ. त्यापुढे तेल डेकवर, आणि डेकवरून समुद्रात.

त्या टाकीचा रडार गेज, म्हणजे तेलाची पातळी आपोआप मोजणारं यंत्र, आदल्या दिवसापासून बंद होता. त्यामुळे पंपमन डेकवर उभा राहून टेप सोडून हाताने माप घेत होता आणि वॉकीटॉकीवर कळवत होता. तो फिलिपिन्सचा, इलोइलोकडचा, टँकरवर वीसेक वर्षं काढलेला. मी चीफ ऑफिसर. शेजारी रत्नागिरीचा डेक कॅडेट आकडे लिहून घेत होता.

३:४१ ला मी जेट्टीला तेल सोडण्याचा दर तासाला १,२०० घनमीटरवरून ६०० वर आणायला सांगितलं. ३:४२ ला माप आलं १.५८. ९५ टक्क्यांचा अलार्म वाजला, तो अपेक्षितच होता. ३:४३ ला चार नंबर पोर्ट, म्हणजे डावीकडची टाकी, भरली, तिचा व्हॉल्व्ह बंद केला. इथेच खरी मेख आहे. दोन टाक्या उघड्या असताना प्रत्येकीत मिनिटाला ४ सेंटिमीटर तेल चढत होतं. एक बंद झाली की तिचा वाटाही दुसरीत जातो. किनाऱ्याने दर निम्मा केला तर दुसरीत ४ सेंटिमीटरच राहतात, नाही केला तर ८ होतात. जेट्टीवरून होकार आला होता, दर मात्र अजून उतरला नव्हता. माझ्या हिशेबाने ३:४८ ला १.३४ च्या आसपास माप यायला हवं होतं.

वॉकीटॉकीवर आलं, "पोर स्टारबोर्ड, वन पिप्ति..." आणि बटण सुटल्याचा खट् आवाज.

मी 'वन फिफ्टी' ऐकलं. कॅडेटनेही तेच ऐकलं आणि लिहिलं. १.३४ च्या जागी १.५०, म्हणजे दर चांगलाच उतरला, टाकी सावकाश भरतेय, असा अर्थ मी लावला. "ओके, कंटिन्यू" म्हणालो. तिकडून "येस सर" आलं. टेपवर खरं माप १.१५ होतं.

अलार्म झाल्यावर हात आपोआप त्याच टाकीच्या व्हॉल्व्हकडे जातो, आणि तसं करायचं नसतं. किनाऱ्याचा पंप चालू असताना जहाजाचा शेवटचा उघडा व्हॉल्व्ह बंद केला तर पाइपात दाबाचा तडाखा बसतो, आणि होज किंवा लोडिंग आर्मचा जोड फुटू शकतो. म्हणून टॉपिंग ऑफच्या, म्हणजे टाक्या शेवटच्या मापापर्यंत भरत आणायच्या, वेळी एखाद्या टाकीत जागा राखून ठेवतात. आम्ही तीन नंबर स्टारबोर्डमध्ये ठेवली होती. आधी ती उघडली, मग चार बंद करायला घेतली, आणि त्याच दमात जेट्टीला स्टॉप सांगितलं. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह पुरता बंद व्हायला पंचवीस सेकंद लागतात, तेवढा वेळ फक्त इंडिकेटरकडे बघत राहायचं. नंतर मापलं तर १.०० भरलं. त्याच वेगाने आणखी चार मिनिटं गेली असती तर तेल डेकवर आलं असतं.

सकाळी मी पंपमनशी बोललो, तसाच त्या वेळी मॅनिफोल्डवर, म्हणजे किनाऱ्याचा पाइप जहाजाला जोडतात तिथे, उभ्या असलेल्या एबीशीही (एबल सीमन, अनुभवी खलाशी). एबी सेबूचा. तो त्याच चॅनेलवर ऐकत होता आणि त्याला 'फिफ्टीन' स्वच्छ ऐकू आलं होतं. एकच आवाज, एकच वॉकीटॉकी. दोन मराठी कानांनी एक आकडा ऐकला, फिलिपिनो कानाने दुसरा.

फिलिपिन्सच्या टॅगालोग भाषेच्या मूळ ध्वनींत फ नाही, व्ह नाही. इलोइलोच्या हिलिगायनॉनमध्येही नाहीत. शाळेत फ शिकवतात, निवांत बोलताना तो येतोही, पण रात्रीच्या चौथ्या प्रहरी थकलेल्या जिभेवर प येतो. 'फोर'चा 'पोर', 'व्हॉल्व्ह'चा 'बाल्ब', आणि टाकी 'फुल' झाली की 'पुल'. ऱ्हस्व आणि दीर्घ इ यांत फरक फारसा राहत नाही, म्हणून 'टीन'चा 'तिन' होतो. मग 'पिप्तिन' आणि 'पिप्ति' यांत उरतो तो शेवटचा न. वॉकीटॉकीचं बटण शब्द संपायच्या आत सुटलं की तोही जातो. शिवाय रेडिओ साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झमधलाच आवाज नेतो. फ आणि स यांचा फुसफुसाट बराचसा त्याच्या वर असतो, त्यामुळे स्पष्ट उच्चारलेला फसुद्धा रेडिओवर निम्माच पोचतो.

आपलं बोलणंही त्यांना सोपं नसतं. आपण 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' बरेचदा एकाच व ने बोलतो, ट आणि ड टाळूवर आपटतो. मी 'व्हेंट' म्हटलं की त्या पंपमनला कधी कधी 'वेंट' ऐकू येतं, आणि तो 'बेंट' म्हणाला की मला पाइप वाकल्यासारखं वाटतं. उच्चार फक्त समोरच्याचा असतो असं समजणं हीच पहिली चूक.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीने. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश राजवट तीनशेहून अधिक वर्षं होती, आणि आजही तिथे घड्याळ आणि पैसे बरेचदा स्पॅनिश आकड्यांत मोजतात. १५ म्हणजे 'किन्से', ५० म्हणजे 'सिंक्वेन्ता'. आपल्याकडे पंधरा आणि पन्नास. त्याच्या भाषेत घोटाळा नाही, माझ्या भाषेत नाही. घोटाळा आहे तो दोघांनी मधे घेतलेल्या इंग्रजीत.

आणि तो इंग्रजीत कच्चा मुळीच नाही. तिथे १९०१ मध्ये अमेरिकन शिक्षक 'थॉमस' नावाच्या जहाजातून आले तेव्हापासून शाळेत इंग्रजी आहे, ती राज्यघटनेने मान्य केलेली अधिकृत भाषा आहे. त्याचं लेखी इंग्रजी आमच्या जहाजावरच्या बऱ्याच अधिकाऱ्यांपेक्षा नेटकं. पण तिथल्या इंग्रजीला स्वतःचं वळण आहे, ते माहीत असावं लागतं. 'फॉर अ व्हाइल, सर' म्हणजे 'जरा थांबा'. नवखा अधिकारी त्याचा अर्थ 'थोडा वेळ चालू आहे' असा घेतो. दिवा 'ओपन' आणि 'क्लोज' होतो, कारण टॅगालोगमध्ये दिवा उघडतात. तेच क्रियापद पंपाला लागलं की विचारून घ्यावं: स्टार्ट की व्हॉल्व्ह ओपन?

मग १.१५ सांगितल्यावर 'कंटिन्यू' ऐकून तो गप्प का राहिला? थांबायचा आकडा १.२० आहे हे त्याला माहीत होतं. त्याला वाटलं चीफने बेत बदलला, ९८ पर्यंत न्यायचं ठरवलं. वरिष्ठाला रेडिओवर, सगळे ऐकत असताना, 'सर, चुकताय' म्हणणं त्याला जमलं नाही. आपल्याकडच्या खलाशालाही जमलं नसतं. 'येस सर' म्हणजे 'ऐकलं', 'पटलं' नव्हे.

त्याच दिवशी आम्ही आकडे सांगायची पद्धत बदलली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये सागरी संवादाची प्रमाण वाक्यं मंजूर केली. त्यांत संख्या सुटे अंक करून सांगायचा नियम आहे, आणि 'येस' किंवा 'नो' नंतर पूर्ण वाक्य म्हणायचाही. सुकाणूच्या अंशांना मात्र सूट आहे, तिथे 'फिफ्टीन'च म्हणतात. आम्ही हे सगळे शिकलेलो होतो, परीक्षेपुरते. आता अलेज फक्त सेंटिमीटरमध्ये, तीन सुटे अंक, 'पॉइंट' नाही: "फोर स्टारबोर्ड, वन-वन-फाइव्ह." 'पाइव्ह' म्हटलं तरी बिघडत नाही. बटण दाबून एक सेकंद थांबायचं, बोलून झाल्यावर एक सेकंद धरून ठेवायचं. कंट्रोल रूमने तोच आकडा परत म्हणायचा, आणि डेकवरून 'करेक्ट' येईपर्यंत कॅडेटने लिहायचा नाही. नुसतं 'ओके' बंद. १.५० च्या खाली गेल्यावर दर मिनिटाला माप. आधीच्या मापाशी न जुळणारा आकडा आला की, तो सोयीचा असला तरी, पुन्हा टेप सोडायची. आणि थांबायचा आकडा ओलांडला तर पंपमनने कोणाला न विचारता "स्टॉप, स्टॉप, स्टॉप" म्हणायचं. हे मी सगळ्या क्रूसमोर मेसमध्ये सांगितलं, कारण एकट्याला सांगून तो ते म्हणाला नसता.

कंपनीला पाठवायच्या अहवालात मूळ कारणाची चौकट असते. ऑफिसातून फोनवर सुचवण्यात आलं, 'रेटिंगचं (अधिकारी नसलेल्या खलाशाचं) अपुरं इंग्रजी' लिहा, पुढच्या वेळी चाचणी कडक करू. मी लिहिलं: रडार गेज नादुरुस्त, दर उतरल्याची खात्री न करता दुसरी टाकी बंद केली, आकडा सुट्या अंकांत सांगण्याची आणि परत म्हणून घेण्याची पद्धत पाळली नाही, जबाबदारी चीफ ऑफिसरची. पुढच्या बंदरात गेजचा नवा सुटा भाग आला.