चर्नोबिल कादंबरी, खर्डा 3: वाचणाऱ्यांनी पार उलटंपालटं केलं

तर मंडळी, मागं सांगितलं होतं तसं परभणीत पाच झेरॉक्स काढून पाच जणांना खर्डा दिला. दीड महिन्यात चार परत आले, पाचवा म्हणजे भाचा अजून "वाचायलोय मामा" म्हणतोय, त्याचं सोडा.

मला वाटायचं कादंबरीचा सगळा जीव त्या स्फोटाच्या रात्रीत हाय. 26 एप्रिल 1986, रात्रीचे 1:23, तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधल्या चर्नोबिल अणुवीज केंद्राचा चौथा रिअ‍ॅक्टर, एझेड-5 चं, म्हणजे तो तातडीनं बंद करायचं बटण. त्यावर 40 पानं घातली, अणुप्रक्रिया आवरणाऱ्या कंट्रोल रॉडच्या टोकाला ग्राफाइट होतं म्हणून रॉड खाली जाताना पॉवर कमी व्हायच्या ऐवजी आधी वाढली, एवढं डोक्यात शिरायलाच माझा अख्खा उन्हाळा गेलाय. अन् दोघांनी नेमकं तिथंच बाड गुंडाळून ठेवलं!

त्यातले एक शेजारचे सर. "कादंबरी वाचायलोय का नावं पाठ करायलोय?" आता त्या रात्री देखरेखीला असलेला साहेब, अनातोली स्तेपानोविच द्यातलोव्ह, हे नाव मी तरी किती बारीक करणार. स्तेपानोविच म्हणजे स्तेपानचा पोरगा, आपल्याकडं मधी वडलांचं नाव असतं तसंच, असं म्हणल्यावर सर म्हणे मग हे पहिल्याच पानावर टाक की. बरोबर हाय, टाकतो.

दुसरा उदगीरचा मावसभाऊ, त्याचं दूध संकलन केंद्र हाय. रिअ‍ॅक्टर सोडला अन् दुधाच्या पानावर येऊन बसला. गवतावर पडलेलं किरणोत्सारी आयोडीन-131 गाईत, गाईतून दुधात, दुधातून लेकरांच्या थायरॉइडमधी, हे त्याला एका दमात कळलं. दर 8 दिवसाला निम्मं होतंय म्हणल्यावर लगेच, "मग ओतून कशाला द्यायलेत, तूप करून ठेवायचं ना दोन महिने!" तिकडं लोणी, चीज करून ठेवायचा उपाय खरंच निघाला होता, मी ते लिहिलंच नव्हतं. (सीझियम-137 हे दुसरं किरणोत्सारी, त्याला निम्मं व्हायला 30 वर्षं लागतेत, त्यावर मात्र तो गप्प बसला.)

ती 40 पानं चवीनं वाचली फक्त परळीच्या थर्मलमधून रिटायर झालेल्या काकांनी, तेही पेन्सिल घेऊन. लाइट गेल्यावर डिझेल जनरेटरला लोड घ्यायला मिनिटभर लागतो, तेवढा वेळ वाफ बंद केलेल्या पण फिरत्या टर्बाइनवर गार करायच्या पाण्याचे पंप चालतेत का हे बघायची टेस्ट त्या रात्री चालली होती. माझ्या बारा ओळी खोडून काकांनी लिहिलं, "इंजिन बंद केलेली एसटी उतारावर जायली, तेवढ्यात तिच्यावर डायनामो फिरवून घ्यायचा." 700 मेगावॉटवर करायची टेस्ट, पॉवर पडून 30 वर आली, ओढूनताणून 200 वर नेली, इथं समासात शेरा हाय: "इथंच बंद करून घरी जायचं असतं. पण साहेब मागं उभा असल्यावर कोण जातंय."

अन् मग मावशी. औसा तालुक्यातली, किल्लारीजवळची, 1993 च्या भूकंपातून वाचलेली. तिनं सरळ सांगितलं की रिअ‍ॅक्टर मी वाचला नाही, बस आल्या तिथून वाचलं. 27 एप्रिलला दुपारी 2 वाजता केंद्राशेजारचं प्रिप्यात शहर रिकामं करायला सुरुवात केली, हजाराच्या वर बस, 50 हजाराच्या आसपास माणसं, तीन दिवसांपुरतं सामान घ्या म्हणून सांगितलेलं. मी हे दीड पानात उरकलं होतं.

मावशीनं विचारलं, "जनावरं?" म्हणलं हे शहर, फ्लॅट होते, कुत्री-मांजरं मागं राहिली, आजूबाजूच्या गावातली गुरं नंतर ट्रकात नेली. मग विचारलं, "अन् चावी कुणाकडं दिली?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "आमची घरं पडली म्हणून आम्ही गाव सोडलं रे. ह्यांची घरं उभी हायेत, भांडी फडताळात हायेत, अन् चला म्हणायलेत. मी असते तर उतरून माघारी गेले असते." काही म्हाताऱ्या गेल्याच होत्या माघारी, त्या पट्ट्यातल्या गावांत, बंदी असताना. मावशीला सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही, तिच्या सासूबाई पण नव्या गावातून रोज जुन्या गावठाणात जाऊन बसायच्या म्हणे.

तर रिअ‍ॅक्टर 40 वरून 15 पानांवर आणलाय (काका नाराज हायेत), अन् बसचं प्रकरण नव्यानं लिहायलोय, 9 पानं झालीत. चावीचं अजून जमंना. मावशी म्हणते शेजारणीकडं देऊ दे, पण शेजारीण पण त्याच बसमधी बसलीय.